जळगाव न्यायकक्षेच्या अधीन

आधीच सांगून टाकते, आमच्या ह्यांना शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मलाही नव्हतं. पण आपल्याला कळत नाही, एवढं तरी मला कळत होतं. ह्यांना तेही नव्हतं, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

मी कुसुमलता. माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. दाणाबाजारात आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे. हे, म्हणजे सुरेशचंद, गादीवर बसायचे, गिऱ्हाइकाची विचारपूस करायचे, चहा मागवायचे आणि मी बाजूच्या टेबलावर बिलं फाडायची. आमच्या समाजात तेव्हा बायका दुकानात बसत नसत. पण ह्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी ह्यांनाच लागायचं नाही. सासऱ्यांनी एक हंगाम सोसलं आणि बिलबुक सरळ माझ्या हातात दिलं. नातेवाइकांत कुजबुज झाली, ती दोन वर्षांत दमली. कोर्टाची वेळ आली तोवर चोवीस वर्षं झाली होती, आमच्या दुकानातलं प्रत्येक बिल मीच लिहिलं.

पंचाण्णव साल उजाडलं आणि इंदूरहून एक सफारीवाला आला. अंगाला अत्तर, हातात चामडी बॅग. म्हणाला, बऱ्हाणपूरजवळ केळीच्या पावडरीचा कारखाना उभा राहतोय. रावेरची केळी तिथे जाणार, त्यांची पावडर होणार आणि ती परदेशातली पोरं दुधात घालून पिणार. कंपनीचे शेअर निघालेत, नऊ हजारांचा एक फॉर्म, वर्षात पैसे दुप्पट. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "सुरेशचंदजी, पूरे खानदेश में आपका नाम चलता है. फॉर्म आपकी दुकान से जाएंगे तो लोग आंख मूंदकर भरेंगे."

झालं! ह्यांना कुणी 'आपका नाम चलता है' म्हटलं की संपलंच. मी आतून खुणा करतेय, डोळे वटारतेय, एकदा तर मुद्दाम मापटं खाली पाडलं. हे आपले हसताहेत. फॉर्ममागे एकशेऐंशी रुपये कमिशन ठरलं. वर फॉर्मगणिक एक रंगीत पुस्तक मिळालं. त्याच्या पुठ्ठ्यावर कारखान्याचं चित्र होतं, निळं आकाश आणि ही एवढी उंच चिमणी.

हे स्वतः फॉर्म घेऊन गावोगाव फिरले. लोकांनी खरंच डोळे मिटून भरले. आमच्या दुकानातून घेतलेलं बी आजवर फसलं नव्हतं, मग शेअर कसा फसेल, असा सरळ हिशोब. पहिली आली ती भागाबाई. पारोळ्याकडची, मिरची पिकवणारी, नवऱ्यामागे एकटीने पंधरा एकर कसणारी बाई. तिला गावात पिठाची चक्की टाकायची होती. नऊ हजार होते, अठरा झाले की चक्की येते, असं तिने बोटांवर मोजून मला सांगितलं. मी तिचा फॉर्म भरला आणि त्याची फाडलेली इंग्रजी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती उलटीसुलटी केली आणि परत टेबलावर ठेवली.

"हाई चिठोरी काय कामनी? माले पक्कं बिल दे भाभी. उगनं नई ते मी कोनले दखाडू?"

आता यात तिचं काही चुकलं नाही. बियाणं घेतलं की पक्कं बिल घ्यायचं, पिशवीवरचं लेबल जपून ठेवायचं. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? हे आम्हीच वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना शिकवलेलं. मी बिलबुक ओढलं आणि लिहिलं. मालाचं नाव: शेअर फॉर्म. नग: एक. लॉट नंबरच्या रकान्यात फॉर्मचा नंबर. रक्कम: नऊ हजार. भागाबाईने बिलाची चार घड्यांची पुडी केली, बटव्यात घातली आणि समाधानाने गेली.

मग काय, बाजारात हवा झाली की सुरेशचंदकडे शेअरचंही पक्कं बिल मिळतं. जो येई तो बिल मागे. मीही फाडत गेले. त्रेचाळीस फॉर्म, त्रेचाळीस बिलं, तीन लाख सत्त्याऐंशी हजार रुपये. पैसे जळगावच्याच एका बँकेत कंपनीच्या खात्यात भरले. ह्यांनी स्वतःचाही एक फॉर्म भरला, तो या त्रेचाळीसमध्ये धरलेला नाही. त्याचं बिल मात्र मी फाडलं नाही, घरच्या माणसाला कसलं बिल. कमिशनच्या पैशांत थोडी भर घालून आम्ही फ्रीज घेतला. खोटं कशाला बोलू, मला फ्रीज आवडला होता.

दसरा आला तरी कुणाला शेअरचा कागद आला नाही. इंदूरचा फोन लागेना. ट्रंक कॉल केला, एसटीडीवरून केला, पलीकडे घंटा वाजत राहायची. आणि एका दुपारी गुलाब तायडे दुकानात आला.

गुलाब दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर. भुसावळकडचा, बौद्ध समाजातला, शिकलेला, शांत माणूस. बाबासाहेबांच्या जयंतीला व्याख्यानं ठरवायचा. त्याने ते रंगीत पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं आणि टेबलावर पसरलं.

"भाभी, ही चिमणी आमची आहे."

"तुमची म्हणजे?"

"दीपनगरची. मी रोज हिच्याखाली ड्यूटी करतो. हा बघा जिना, हे दिवे. मागून फोटो काढलाय आणि खाली केळीचं झाड चिकटवलंय."

मी चष्मा लावून पाहिलं. झाडाच्या कडेला खरंच कात्रीची रेघ दिसत होती.

"अरे पण गुलाबभाऊ, पैसे भरताना नाही का दिसली?"

गुलाब ओशाळला. म्हणाला, "दिसली ना. म्हणूनच तर भरले. म्हटलं, चिमणी ओळखीची वाटतेय, म्हणजे कंपनी जवळपासचीच असणार."

मला हसू फुटलं. तोही हसला. हसता हसता आम्हा दोघांनाही एकदमच कळलं की पैसे बुडाले. हे गादीवर बसून होते, त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

गुलाबने मात्र हातपाय गाळले नाहीत. त्याचा मावसभाऊ सुरवाडे जळगावला वकिली करायचा. गुलाबने त्रेचाळीस जणांची मोट बांधली आणि शहाण्णवच्या पावसाळ्यात सुरवाडेने दिवाणी कोर्टात दावा लावला. पहिल्याच आठवड्यात एक चांगली बातमी आली. कंपनीने सगळे पैसे अजून नेले नव्हते, जळगावच्या त्या बँकेत दोन लाख वीस हजार पडून होते. कोर्टाने ते तात्पुरते थांबवले. दुसरी बातमी आमच्यासाठी होती. दाव्यात तीन प्रतिवादी. नंबर एक कंपनी, नंबर दोन तिचे संचालक आणि नंबर तीन आम्ही.

मी धुळ्याला फोन केला. माझा धाकटा भाऊ भिकमचंद तिथे वकील. सकाळच्या एसटीने आला, जेवला, दोन वेळा दही घेतलं आणि मग कागद वाचायला बसला. वाचता वाचता त्याच्या कपाळाची आठी वाढत गेली.

"जीजी, ही बिलं तू फाडलीस?"

"मग कोण फाडणार? तुझ्या जीजाजींचं अक्षर माहीत आहे ना तुला?"

"अगं, शेअरच्या पैशाला बियाण्याचं बिल कुणी देतं का! हे खाली काय छापलंय वाचलंस कधी?"

खाली काय छापलंय हे मला काय, दाणाबाजारातल्या पोरालाही पाठ असतं. 'भूलचूक देणे घेणे. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. जळगाव न्यायकक्षेच्या अधीन.' सगळ्यांच्याच बिलांवर असतं. छापखानेवाला न विचारता छापतो.

भिकमने मग नीट समजावून सांगितलं. माझा भाऊ चिडका असला तरी समजावतो छान. कंपनीच्या फॉर्ममागे बारीक इंग्रजीत छापलं होतं की कसलंही भांडण झालं तर ते फक्त इंदूरच्या कोर्टात चालेल. कंपनीने तेच पुढे करून अर्ज दिला होता, की जळगावला हा दावा ऐकायचा अधिकारच नाही. तो अर्ज मंजूर झाला तर दावा इंदूरला जाणार, इथला मनाईहुकूम उठणार आणि बँकेतले दोन लाख वीस हजार त्याच संध्याकाळी इंदूरची गाडी धरणार.

"आणि नामंजूर झाला तर?"

"तर तो तुझ्या बिलांमुळे होईल. त्या इंग्रजी चिठोरीशिवाय लोकांच्या हातात दुसरा कागदच नाही. तुझ्या बिलावर जळगाव म्हटलंय. कोर्ट म्हणेल, यांना जळगावच सांगितलं होतं. पण जीजी, एकदा ते बिल खरं धरलं, की पैसे तुमच्या दुकानाने घेतले हेही खरं. मग बँकेतले सोडून उरलेले एक लाख सदुसष्ट हजार कंपनीवर, संचालकांवर आणि तुमच्यावर. संयुक्त आणि वेगवेगळी जबाबदारी."

"म्हणजे तिसरा हिस्सा ना?"

"तसं असतं तर काय! सामाईक विहीर असते ना? पाच वाटेकरी. मोटारीचं बिल थकलं आणि चार जण गावाला गेले, तर जो घरी सापडेल त्याच्याकडून सगळं घेतात. मग त्याने फिरावं त्या चौघांच्या मागे. इंदूरवाले सापडणार नाहीत. तुम्ही दाणाबाजारात रोज सकाळी नऊला सापडता."

एक लाख सदुसष्ट हजार. आमचा पिंप्राळ्याला एक प्लॉट होता, म्हातारपणी घर बांधायला घेतलेला. तो विकावा लागणार, वर दुकानातलं भांडवल काढावं लागणार. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

भिकमने आवाज खाली आणला. "एक वाट आहे. बिलांवर जीजाजींची सही नाही, शिक्का नाही. नुसतं अक्षर आहे. सुरवाडे तुला साक्षीला बोलावणार. तू फक्त म्हण, अक्षर कुणाचं ते आठवत नाही. बास. बिलं पडली, तुम्ही सुटलात."

"आणि भागाबाई?"

"तिने इंदूरला जावं."

भिकम माझा लाडका भाऊ आहे, पण त्या क्षणी मला त्याला दह्याच्या वाटीने मारावंसं वाटलं. मी ह्यांना विचारलं, "अहो, तुम्ही काय म्हणता?" हे म्हणाले, "भिकम म्हणतो तसं कर." आणि उठून गेले. मी त्या रात्री त्यांना खूप बोलले. म्हटलं, नाव चालतं तुमचं खानदेशात, चालवा आता. त्यानंतर तीन आठवडे आमचं बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी हे मिठाच्या बरणीकडे नुसतं बघायचे.

शहाण्णवचं पर्युषण त्यातच आलं. शेवटच्या दिवशी आमच्या जैनांत खमतखामणा असतो. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर हात जोडून माफी मागायची, लहानमोठा, नोकर-मालक काही पाहायचं नाही. दुसऱ्या दिवशी हे दरवर्षीप्रमाणे दुकानाच्या पायरीवर उभे राहून येईल त्याला हात जोडत होते. हमालांना जोडले, शेजारच्या तेलवाल्याला जोडले, पोस्टमनला जोडले. तेवढ्यात समोरून भागाबाई आली. कोर्टाची तारीख विचारायला सुरवाडेंकडे गेली होती, तिथून परत एसटी स्टँडवर चालली होती. ह्यांचे हात जोडलेलेच होते, ते तसेच राहिले.

"भागाबाई, खमतखामणा. काही चुकलं असेल तर माफ करा."

भागाबाई थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"माफी ऱ्हाऊ दे भाऊ. माले जळगावनं कोर्ट दे. इंदूरले मी गऊ ते मनी म्हैसनं दूध कोन काढी?"

आणि ती गेली. हे पायरीवर उभेच. पुढचा माणूस आला, त्याला हात जोडायचे राहिले. दुपारी ह्यांनी जेवायला बसताना ताट लांब सारलं. मला वाटलं, आता बोलतील. पण नाही.

तारखेच्या दिवशी कोर्टात जत्रा भरली होती. त्रेचाळीस घरांतली माणसं, वर बघे. दाणाबाजारातले अर्धे व्यापारी आपापली दुकानं टाकून आलेले, कारण निकाल काय लागतो यावर त्यांच्या बिलबुकांचंही नशीब होतं. इंदूरहून कंपनीचे वकील आले होते, उंच, गोरे, सोनेरी काड्यांचा चष्मा. ह्यांना भिकमने मागच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, "काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

माझं नाव पुकारलं. पिंजऱ्यात उभी राहिले. सुरवाडे वकिलांनी भागाबाईचं बिल पुढे धरलं. घड्यांनी चार तुकडे व्हायला आलेलं.

"बाई, यातलं अक्षर कुणाचं?"

भिकम खालून माझ्याकडे बघत होता. त्याने हळूच मान हलवली, नाही म्हण. मी समोर पाहिलं. भागाबाई पहिल्या बाकावर मांडी घालून बसली होती, शिपायाने दोनदा सांगूनही तिने पाय खाली सोडले नव्हते. पिंप्राळ्याचा प्लॉट माझ्या डोळ्यांसमोर आला. तिथे मी मोगरा कुठे लावायचा तेसुद्धा ठरवलं होतं. मला खरंच खूप भीती वाटली.

"माझं," मी म्हणाले.

भिकमने डोळे मिटून घेतले.

इंदूरचे वकील उठले. मला वाटलं चिडतील, तर ते हसत होते. फार गोड बोलायचे. कोर्टाच्या परवानगीने हिंदीत विचारू लागले. लिहिताना मालक दुकानात होते का? मी म्हटलं, बऱ्याचदा नव्हते, हे फॉर्म घेऊन गावोगाव फिरायचे. बिल द्या असं त्यांनी सांगितलं होतं का? मी म्हटलं, नाही, गिऱ्हाइकाने मागितलं, मी दिलं. बिलावर त्यांची सही आहे का? नाही. मी दुकानात भागीदार आहे का? नाही. पगार घेते का?

"पगार?" मी म्हटलं. "चोवीस वर्षांत मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

लोक हसले. वकीलही हसले आणि कोर्टाकडे वळले. म्हणाले, झालं तर मग. ही बाई ना मालक, ना भागीदार, ना नोकर. घरातल्या बाईने हौसेने काहीतरी खरडलं, ते दुकानाचं बिल होत नाही. तिच्या खरडण्याने जळगावच्या कोर्टाला अधिकार मिळत नाही आणि दुकानावरही काही बंधन येत नाही.

मी पिंजऱ्यात अशी चडफडले म्हणून सांगू! खरं बोलून बसले होते, आणि माझं खरं त्या वकिलाने दोन मिनिटांत केराच्या टोपलीत टाकलं. चोवीस वर्षं हौसेने खरडलं म्हणे. पण खाली भिकमचा चेहरा उजळला होता. मलाही कळलं, की आमची सुटका झाली. दुकान वाचलं, प्लॉट वाचला, आणि मी खोटंही बोलले नव्हते. हे आता नुसते गप्प बसले की झालं.

मागच्या बाकावरून आवाज आला. "साहेब, ते बिल माझं आहे."

हे उभे होते. टोपी हातात घेऊन.

न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"प्रतिवादी नंबर तीन. दुकान माझं, बिलबुक माझं. तिने लिहिलेलं प्रत्येक बिल माझं बिल आहे. चोवीस वर्षं मी त्यावर उधारी वसूल केलीय. आज नाही कसं म्हणू?"

"तुम्हाला असं मध्ये बोलता येणार नाही. तुमचे वकील कुठे आहेत?"

भिकम उठला. "साहेब, मी यांचा वकील आहे. पण मला कृपा करून काही विचारू नका."

कोर्ट खो खो हसलं. मला मात्र रडू फुटलं आणि रडताना मला नेहमी राग येतो. मी पिंजऱ्यातूनच म्हटलं, "अहो, बसा ना तुम्ही! मी लिहिलंय, मी निस्तरेन."

"तू गप्प बस. फॉर्म मी आणले."

"बिलं मी फाडली!"

"कमिशन मी घेतलं!"

"फ्रीज मी आणला!"

न्यायाधीश साहेबांनी टेबलावर हात आपटला. पण त्यांच्या मिशा हलत होत्या. म्हणाले, "एवढी वर्षं या खुर्चीत बसतोय. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणारे प्रतिवादी रोज पाहतो. ती आपल्याकडे ओढणारे आज पहिल्यांदा पाहिले. नंबर तीन, पुढे या. तुमचीही साक्ष शपथेवर घेऊ."

इंदूरचे वकील इतक्या लवकर हार मानणारे नव्हते. ह्यांची साक्ष संपल्यावर त्यांनी बिल उचललं आणि म्हणाले, ठीक आहे, हे दुकानाचं बिल आहे असं धरू. मग त्यावरचं सगळंच धरावं लागेल. कुणाकडून तरी मराठी वाचून घेतलं असावं, कारण एकेक शब्द चावत म्हणाले, "इसमें तो यह भी छपा है. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'"

न्यायाधीश साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, माल दिलाय कुठे?"

भागाबाई एवढ्या मोठ्याने हसली की शिपायाला तिला बाहेर न्यावं लागलं. बाहेरूनही तिचं हसणं ऐकू येत होतं.

आठ दिवसांनी हुकूम झाला, तो असा. लोकांना वाचता येईल असा एकच कागद त्यांच्या हातात दिला गेला, तो जळगावचा होता. इंदूरची ओळ ज्या फॉर्ममागे होती तो फॉर्म कंपनी घेऊन गेली, लोकांकडे राहिलाच नाही. तेव्हा दावा जळगावलाच चालेल. बँकेतले पैसे हलणार नाहीत. दाणाबाजारात पेढे वाटले गेले, छापखानेवाल्याने तर स्वतःच्या पैशाने वाटले.

पुढे दीड वर्षाने निकालही लागला. बँकेतले दोन लाख वीस हजार लोकांना मिळाले. उरलेल्याची जबाबदारी तिघांवर, संयुक्त आणि वेगवेगळी. भिकम म्हणाला होता तसंच झालं. इंदूरवाले संचालक तीर्थयात्रेला गेले ते गेलेच, सापडलो आम्ही. प्लॉट विकला. मी दोन दिवस रडले, लपवत नाही. मोगऱ्याचं रोप शेजारणीला देऊन टाकलं. इंदूरवाल्यांकडून त्यांचा वाटा वसूल करायला आम्हीही दावा लावलाय, जळगावलाच. भिकम दर तारखेला धुळ्याहून येतो, जेवतो आणि आम्हाला शिव्या घालतो.

शेवटचे पैसे दिले तो दिवस नव्याण्णवच्या संक्रांतीच्या आसपासचा. दुकानात पाचपंचवीस माणसं जमली होती. भागाबाई होती, गुलाब होता, सुरवाडे वकीलही आले होते. पैसे देऊन झाले, सह्या झाल्या, तिळगुळ वाटून झाला. आता इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. गुलाब ह्यांना म्हणाला, "शेठ, इतके दिवस विचारीन म्हणत होतो. त्या दिवशी तुम्ही सुटला होता. गप्प बसला असता तर प्लॉट राहिला असता. का उठलात?"

हे काही भाषण करणारे नव्हेत. बराच वेळ गादीवरची सुरकुती हाताने सारखी करत राहिले. मला वाटलं, आता भागाबाईचं नाव घेतील, नाहीतर धर्माबिर्माचं काही बोलतील.

"त्या वकिलाने हिला विचारलं ना, तू दुकानाची कोण," हे म्हणाले. "मालक नाही, भागीदार नाही, नोकर नाही. आणि ही नुसती नाही, नाही म्हणत गेली. मला बसवेना. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की ही कोण आहे."

भागाबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चहा टाकते म्हणून आत गेले, आणि आधण उकळून अर्धं झालं तरी मला बाहेर येता येईना.